जुन्या गाडीची बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते? नवी घेण्याआधी हे तपासा

चावी फिरवली की सेल्फ नुसता ‘कट्, कट्’ करतो. धक्का मारून किंवा दुसऱ्या गाडीवरून जंपर लावून इंजिन सुरू होतं, दिवसभर गाडी कुरकुर न करता चालते आणि दोन दिवस उभी राहिली की पुन्हा तीच रड. यावर भेटेल तो एकच सल्ला देतो: बॅटरी बदलून टाका. कधी कधी तो बरोबर निघतो. पण गाडीत कुठे करंटची गळती असेल किंवा चार्जिंगच होत नसेल, तर नवी कोरी बॅटरीही थोड्याच दिवसांत त्याच वाटेने जाते, आणि वारंवार पूर्ण उतरल्यामुळे तिचं आयुष्यही कमी होतं. म्हणून आधी मोजायचं, मग बदलायचं.

कारणं तीनच असू शकतात. एक, बॅटरी चार्ज धरत नाही. दोन, अल्टरनेटर (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारं यंत्र) तिला पुरेसं भरत नाही. तीन, गाडी बंद असताना काहीतरी गुपचूप करंट खातंय. जुन्या गाडीत यातली दोन एकत्र असणं अगदी नेहमीचं, त्यामुळे पहिलं कारण सापडलं म्हणून तपास तिथेच थांबवू नका.

मीटर हातात घेण्याआधी एक हिशेब

बॅटरी किती वेळात उतरते, यावरून बरंच काही कळतं. समजा तुमची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे, म्हणजे एक अँपिअर करंट ती साधारण ३५ तास देऊ शकते. सेल्फ नीट मारता यावा यासाठी तिच्यात साधारण निम्मा चार्ज शिल्लक लागतो, म्हणजे खर्चायला हातात १७ अँपिअर-तासांच्या आसपास. गाडी रात्रभरात, दहा तासांत बसत असेल तर गळती जवळजवळ पावणेदोन अँपिअरची. एवढा करंट खाणारी वस्तू छोटी नसते: ब्रेक लाइट, पार्किंग लाइट, चिकटलेला रिले (विजेवर चालणारा स्विच) असं काहीतरी. तीन दिवस लागत असतील तर गळती पाव अँपिअरच्या आसपास. तिथे संशय जातो डिकीतल्या किंवा ग्लोव्ह बॉक्समधल्या बारक्या दिव्यावर, नाहीतर स्टिरिओवर. आणि दोन आठवडे उभी राहिल्यावर बसत असेल, तर हिशेब येतो ५० मिलिअँपिअर. हा तर बऱ्याच गाड्यांचा नेहमीचा खर्च आहे. अशा वेळी बहुधा दोष गळतीचा नसतो, गाडी कमी चालते हाच असतो.

हा हिशेब धडधाकट बॅटरीचा. तुमची बॅटरी चार-पाच वर्षांची असेल तर तिची खरी क्षमता कागदावरच्या आकड्यापेक्षा बरीच कमी झालेली असू शकते, त्यामुळे गळतीचा अंदाजही त्या प्रमाणात खाली आणा.

काय काय लागेल

डिजिटल मल्टिमीटर, ज्यावर डीसी करंटसाठी १० अँपिअरचं वेगळं सॉकेट आहे असा. टर्मिनलचा पाना, बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा चालतो. वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर, डोळ्यांना चष्मा, हातमोजे, कागद-पेन. आकडे लक्षात राहतील असं वाटतं, पण ते राहत नाहीत. लिहून ठेवा.

सुरुवातीला सुरक्षिततेचं. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे जवळ सिगारेट, काडी, ठिणगी नको. आत सल्फ्युरिक ॲसिड आहे. अंगठी, कडं, धातूचा पट्टा असलेलं घड्याळ काढून ठेवा, कारण पॉझिटिव्ह आणि बॉडी यांच्यामध्ये अडकलेली अंगठी क्षणात लाल होते. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. कारण सोपं आहे: निगेटिव्ह बॉडीला जोडलेलं असतं, ते आधी सुटलं की पॉझिटिव्ह खोलताना पाना चुकून पत्र्याला लागला तरी काही होत नाही. अगदी जुन्या काही गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेलं असतं, तिथे हे उलटं. बॉडीला कुठली केबल जाते ते बघा आणि ती आधी सोडा.

स्टिरिओला कोड असेल तर बॅटरी सोडण्याआधी तो हाताशी ठेवा. काही गाड्यांत घड्याळ, पॉवर विंडो, इंजिनचं आयडलिंग यांची सेटिंग्जही जातात. परत येतात, पण थोडा वेळ घेतात.

पायरी १: डोळ्यांनी आणि हातांनी तपासणी

बॉनेट उघडा आणि टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर तिथेच अर्धं दुखणं असू शकतं. टर्मिनल हाताने पिळून पाहा. जरा जरी फिरलं तर ते सैल आहे. भुकटी कोमट पाण्यात खायचा सोडा मिसळून ब्रशने धुवा (पाणी सेलच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका), पूर्ण वाळवा, बॅटरीचे खांब आणि त्यांवर आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पचा आतला भाग चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. जेली आधी लावून वरून क्लॅम्प बसवू नका.

निगेटिव्ह केबल कुठे जाते तेही शोधा. ती बॉडीला जिथे आवळलेली असते तो नट आणि इंजिनला जोडणारी अर्थची पट्टी जुन्या गाडीत हमखास गंजलेली सापडते. बॅटरीच्या वरचा भाग ओलसर, मळकट असेल तर पुसून काढा. ॲसिड आणि धूळ मिळून झालेल्या त्या थरातूनही बारीक करंट वाहत राहतो. खात्री करायची असेल तर मीटरचा काळा प्रोब निगेटिव्हवर ठेवा आणि लाल प्रोब बॅटरीच्या झाकणावरून नुसता फिरवा. मीटरवर व्होल्ट दिसले तर थर करंट वाहतोय.

पाणी घालायची बॅटरी असेल तर सगळी झाकणं काढून पातळी बघा. प्लेट्स उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला आणि उरलेलं पूर्ण चार्ज झाल्यावर. नळाचं पाणी नको, ॲसिड तर अजिबात नको. मेंटेनन्स-फ्री बॅटरीवर हिरवा ‘डोळा’ असतो, पण तो सहापैकी एकाच सेलचं सांगतो. डोळा हिरवा आणि शेजारचा सेल मेलेला, असं होऊ शकतं. त्या हिरव्यावर फार विसंबू नका.

शेवटी अल्टरनेटरचा पट्टा. भेगा, चकाकी, सैलपणा बघा. सकाळी सुरू करताना किंवा हेडलाइट लावल्यावर किंचाळत असेल तर तो घसरतोय आणि अल्टरनेटर पुरेसा फिरत नाही.

पायरी २: रात्रभर सोडून बघा

ही चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण हिला अक्कल फार लागत नाही आणि निकाल मात्र मोठा देते. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या. नंतर तासाभराने व्होल्टेज मोजून लिहा. आता निगेटिव्ह केबल सोडून बाजूला करा, खांबाला चुकून टेकणार नाही अशी, आणि रात्रभर तसंच राहू द्या.

सकाळी पुन्हा मोजा. थोडंसं उतरणं, म्हणजे १२.८ चं १२.६५ वगैरे होणं, ठीक आहे. तो चार्जिंगनंतरचा वरवरचा फुगवटा बसतो. पण १२.४ किंवा त्याहून खाली आलं तर बॅटरीला काहीही जोडलेलं नसताना ती आपल्या आपण उतरतेय. दोष तिच्यातच आहे. आकडा टिकून राहिला आणि केबल लावल्यावर सेल्फ दणकून मारला, तर बॅटरी चार्ज धरतेय, आणि संशय गाडीकडे सरकतो.

मीटर नसेल तरी हे करता येतं. सोडून ठेवल्यावर सकाळी सुरू होते आणि जोडून ठेवल्यावर होत नाही, एवढं कळलं तरी निम्मा तपास झाला.

पायरी ३: बॅटरीत खरंच दम आहे का

विश्रांतीच्या व्होल्टेजचा ढोबळ अर्थ असा: १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पाव, आणि ११.९ च्या खाली म्हणजे बसलेलीच. चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपास अडून राहत असेल तर एक सेल गेला. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट, आणि एक गेला की तेवढेच कमी दिसतात. त्यावर उपाय नाही, ती बदलायचीच. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर हे आकडे खोटे येतात. काही तास थांबा, किंवा हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा.

पण व्होल्टेज म्हणजे क्षमता नव्हे, आणि इथेच नवखे फसतात. टाकीत गाळ साचला की पाण्याची पातळी वरपर्यंत दिसते आणि दोन बादल्यांत टाकी रिकामी होते. जुन्या बॅटरीचं तसंच आहे. ती १२.६ दाखवेल आणि सेल्फ मारताच कोसळेल. म्हणून तिच्यावर भार टाकून बघायचं.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. प्रोब क्लॅम्पवर नको, थेट बॅटरीच्या खांबावर टेकवा. दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा आणि सेल्फ फिरत असताना आकडा कुठपर्यंत खाली जातो ते बघा. भरलेली, चांगली बॅटरी ९.६ व्होल्टच्या वर राहायला हवी. ८ किंवा ७ वर आपटत असेल आणि ती आधी पूर्ण चार्ज केलेली असेल, तर तिचे दिवस भरले. आकडा १२ च्या वरच राहतोय आणि तरीही सेल्फ फिरत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. करंट सेल्फपर्यंत पोचतच नाहीये.

तो कुठे अडतोय हेही कळतं. सेल्फ मारत असताना एक प्रोब निगेटिव्ह खांबावर आणि दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा. इथे जवळपास शून्य दिसायला हवं. ०.३ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची केबल किंवा तिचा नट खराब आहे. हीच युक्ती खांब आणि त्याच खांबावरचा क्लॅम्प यांच्यात करा. एकमेकांना घट्ट बसलेल्या त्या दोन धातूंत अर्धा व्होल्ट फरक दिसला की माणूस चक्रावतो, पण आतल्या काळ्या थराची ती करामत असते. क्लॅम्प काढून घासा आणि पुन्हा मोजा, आकडा गायब झालेला असेल.

पाण्याच्या बॅटरीला हायड्रोमीटर (आतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावता आला तर उत्तमच. भरलेल्या बॅटरीत सगळ्या सेलचे आकडे साधारण १.२४ ते १.२८ च्या पट्ट्यात आणि एकमेकांच्या जवळ हवेत. एखादाच सेल ०.०५ किंवा त्याहून जास्त मागे असेल तर तोच बॅटरीला खाली ओढतोय.

पायरी ४: अल्टरनेटर भरतोय का

इंजिन सुरू करा, रेस किंचित वाढवून धरा आणि बॅटरीच्या खांबांवर व्होल्टेज मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असेल तर चार्जिंग ठीक. आता हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, सगळं एकदम लावा. आकडा थोडा खाली येईल, पण १३ च्या चांगलाच वर राहायला हवा. १२.५ वरच अडकला असेल तर अल्टरनेटर काही देत नाहीये, गाडी बॅटरीवर चालतेय. उलट १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडलाय. अशी बॅटरी उकळते, पाणी पटापट कमी होतं, कुजक्या अंड्यासारखा वास येतो. अशी गाडी चालवत राहू नका.

कमी आढळलं तर लगेच अल्टरनेटर खोलायला देऊ नका. अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या नटवर लाल प्रोब ठेवून तिथलं व्होल्टेज मोजा (पट्टा आणि पंख्यापासून बाही, केस, वायरी दूर ठेवून). तिथे १४.३ आणि बॅटरीवर १३.४ असेल तर माल तयार होतोय, वाटेत सांडतोय. वायर, तिचं लग (टोकाचं धातूचं कडं) किंवा मधला मोठा फ्यूज बघा.

जुन्या गाडीतली एक गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. डॅशबोर्डवरचा तांबडा बॅटरीचा दिवा हा कित्येक गाड्यांत नुसता इशारा देत नाही. अल्टरनेटर जागा करणारा करंट त्याच बल्बमधून जातो. बल्ब उडाला की अल्टरनेटर एक तर चार्ज करायला सुरुवातच करत नाही, नाहीतर जोरात रेस केल्यावर करतो. चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, तो दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर आधी बल्ब बघा.

आता मीटर एसी व्होल्टवर करा आणि इंजिन चालू असताना तेच खांब मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसत असेल तर अल्टरनेटरमधला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेल्याची दाट शक्यता. काही स्वस्त मीटर या रेंजवर डीसी जोडल्यावरही भलताच आकडा दाखवतात, म्हणून इंजिन बंद करून एकदा ताडून बघा.

आणि एक हात जोडून सांगणं: इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून ‘गाडी बंद पडते का’ हे बघायचा जुना प्रकार करू नका. डायनामोच्या, म्हणजे अल्टरनेटरच्या आधीच्या काळात तो खपून जायचा. अल्टरनेटरच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, असेल तर ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर), एका झटक्यात जाऊ शकतात.

पायरी ५: गाडी बंद असताना किती करंट जातो

बॅटरी ठीक, चार्जिंग ठीक, तरी उतरते. म्हणजे आता गळती मोजायची. आधी बॅटरी भरलेली हवी. चावी काढा. रिमोटची किल्ली असेल तर ती गाडीपासून लांब ठेवा. सॉकेटमधला मोबाइल चार्जर तसाच राहू द्या, कारण कदाचित तोच गुन्हेगार असेल. फ्यूजबॉक्स आत असेल तर ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून त्याची कडी पेचकसाने ढकलून बंद स्थितीत आणा, म्हणजे दार बंद आहे असं गाडीला वाटेल. दाराच्या चौकटीत रबरी बटण असेल तर ते चिकटपट्टीने दाबून ठेवा. काम झाल्यावर कडी हँडल ओढून पुन्हा मोकळी केल्याशिवाय दार लावू नका, नाहीतर कडी मोडेल. बॉनेटखाली दिवा असेल तर त्याचा बल्ब काढून ठेवा.

मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घाला आणि चकती डीसी अँपिअरवर फिरवा. या स्थितीत दोन्ही प्रोब बॅटरीच्या दोन खांबांवर कधीही लावू नका, तो सरळ शॉर्ट आहे. मीटर लागलेला असताना चावी ऑन करायची नाही आणि सेल्फ तर मुळीच मारायचा नाही. सेल्फ शंभर अँपिअरच्या वर ओढतो, मीटरचा फ्यूज कुठल्या कुठे जाईल.

निगेटिव्ह क्लॅम्पचा नट सैल करा, पण क्लॅम्प अजून उचलू नका. एक प्रोब खांबाच्या डोक्यावर दाबून धरा, दुसरा क्लॅम्पच्या धातूवर. आता प्रोब न हलवता क्लॅम्प हळूच वर काढा. असं केल्याने करंट एक क्षणही तुटत नाही, सगळा मीटरमधून जायला लागतो. हात दोन आणि कामं तीन असल्यामुळे मदतीला कुणी असलेलं बरं, नाहीतर मगरचिमटे वापरा. मधेच तुटलं तर बिघडत काही नाही, पण इलेक्ट्रॉनिक्स असलेली गाडी जागी होते आणि थांबण्याचा वेळ पहिल्यापासून मोजावा लागतो.

थांबायचं किती? कार्ब्युरेटरच्या, साध्या वायरिंगच्या गाडीत आकडा लगेच स्थिर होतो. ईसीयू, सेंट्रल लॉकिंग, अलार्म असलेल्या गाडीत सुरुवातीला काही अँपिअरही दिसू शकतात आणि एकेक भाग झोपत जातो तसा आकडा पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. वीस मिनिटं ते तासभर धरा. या वेळात मीटर आपोआप बंद होत असेल तर ती सोय आधी बंद करा.

शेवटचा आकडा ०.०५ च्या, म्हणजे ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर गाडी निर्दोष. घड्याळ आणि स्टिरिओची मेमरी एवढंच असलेल्या जुन्या गाडीत तर २० ते ३० च्या आसपासच यायला हवा. उणे चिन्ह दिसलं तर घाबरू नका, प्रोब उलटे लागलेत एवढाच त्याचा अर्थ. ०.२, ०.४, १.५ असं काही दिसत असेल तर मिळाली गळती. पहिल्या हिशेबाशी ताडून बघा, बहुधा जुळेल.

पायरी ६: फ्यूज काढत काढत शोध

मीटर तसाच ठेवा आणि फ्यूज एकेक करून काढा. काढला, आकडा बघितला, परत लावला, पुढचा. एखादा काढताच ०.४२ वरून ०.०३ वर आला की तीच लाइन. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर त्या फ्यूजवर काय काय चालतं ते छापलेलं असतं. जुन्या गाडीत एका फ्यूजवर चार-पाच वस्तू असतात, त्यामुळे पुढे एकेकाचा सॉकेट सोडून बघावा लागतो.

फ्यूज न काढताही शोधता येतं, आणि झोपलेले भाग जागे होऊ नयेत म्हणून तीच पद्धत बरी. चपट्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. लाल वायर परत व्होल्टच्या सॉकेटमध्ये घाला, मीटर मिलिव्होल्टवर ठेवा आणि दोन ठिपक्यांवर प्रोब टेकवा. शून्य असेल तर त्या फ्यूजमधून काही जात नाही. थोडेसेही मिलिव्होल्ट दिसले तर करंट वाहतोय. काचेचा किंवा चिनी मातीचा फ्यूज असेल तर दोन्ही टोकांच्या टोप्यांवर. या पद्धतीसाठी बॅटरीची केबल जोडलेलीच हवी, हे विसरू नका.

आता नेहमीचे संशयित. डिकीचा आणि ग्लोव्ह बॉक्सचा दिवा: झाकण बंद केल्यावर तो विझतो की नाही हे बाहेरून दिसत नाही, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ चालू करून आत ठेवा, झाकण लावा, थोड्या वेळाने काढून बघा. ५ वॅटचा बल्ब ०.४ अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला जवळजवळ दहा अँपिअर-तास. सनव्हायझरच्या आरशाचा दिवा विसरू नका. ब्रेक लाइट: ब्रेक पेडल मागे आल्यावर ज्या रबरी किंवा प्लास्टिकच्या गोट्यावर स्विच टेकतो, तो वयाने ठिसूळ होऊन तुटतो, आणि मग मागे ब्रेक लाइट रात्रभर जळत राहतात. पायाखाली मॅटवर प्लास्टिकचे तुकडे दिसले तर तिथेच बघा. चिकटलेला रिले: गाडी काही तास उभी राहिल्यावर रिलेवर बोट ठेवा, कोमट लागला तर तो ओढलेला आहे. झिजलेला इग्निशन स्विच: चावी काढली तरी ॲक्सेसरीची लाइन चालू राहते.

पण माझा पहिला संशय नेहमी नंतर बसवलेल्या वस्तूंवरच असतो. स्टिरिओ, ॲम्प्लिफायर, सेंट्रल लॉकिंगचं किट, अलार्म, ट्रॅकर, डॅशकॅम, जादा फॉग लॅम्प. गाडी बनवणाऱ्याने वायरिंग विचार करून केलेलं असतं, नंतर बसवणाऱ्याला घरी जायची घाई असते. बाहेरून बसवलेल्या बहुतेक स्टिरिओंना पिवळी वायर मेमरीसाठी कायम चालू आणि लाल वायर चावीवर हवी. चावी न लावता गाणी ऐकता यावीत म्हणून या दोन एकत्र पिळून टाकलेल्या असतात. वरून स्टिरिओ बंद दिसतो, आत तो कधी झोपतच नाही. लाल वायर चावीवरच्या लाइनला जोडली की काम झालं. ट्रॅकर आणि डॅशकॅमची वायर कधी कधी थेट बॅटरीवरून ओढलेली असते, तिच्या वाटेत फ्यूजबॉक्स येतच नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर मूळच्या जाड केबलशिवाय आणखी कुठल्या बारीक वायरी आल्यात ते मोजा आणि प्रत्येक कुठे जाते ते शोधा.

सगळे फ्यूज काढले, तरी आकडा तसाच

मग उरतात फ्यूजबॉक्सला वळसा घालून जाणाऱ्या लाइन, आणि त्यात पहिला अल्टरनेटर. याचा एखादा डायोड गळका झाला की बंद गाडीत बॅटरीचा करंट उलटा त्याच्यात शिरतो. ओळखीची खूण: गाडी कित्येक तास उभी असूनही अल्टरनेटर हाताला किंचित कोमट लागतो. खात्री करायला बॅटरीचं निगेटिव्ह पूर्ण सोडा, अल्टरनेटरची जाड वायर काढा, तिचं टोक चिकटपट्टीने गुंडाळा आणि मीटर पुन्हा पूर्वीसारखा लावा. बॅटरी न सोडता त्या नटला पाना लावू नका, तो कायम थेट बॅटरीवर असतो. गळती नाहीशी झाली तर डायोड प्लेट बदलून घ्या. काही चालणाऱ्या अल्टरनेटरमध्येही हा दोष लपून असतो, त्यामुळे चौथ्या पायरीत १४.२ दिसलं होतं म्हणून त्याला माफी देऊ नका. अल्टरनेटरही साफ निघाला तर मग सेल्फकडे जाणारी केबल आणि जाळीच्या बाजूने घासत गेलेलं वायरिंग.

सापडलं, आता पुढे

दुरुस्ती झाल्यावर पाचवी पायरी पुन्हा करा. एक गळती बुजवल्यावर खाली दुसरी दिसणं जुन्या गाडीत नवलाचं नाही. मग बॅटरी चार्जरवर सावकाश भरा, क्षमतेच्या साधारण दहाव्या हिश्श्याने: ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ३.५ अँपिअर, दहा-बारा तास. पार उतरलेली बॅटरी गाडी अर्धा तास फिरवून भरत नाही, आणि जागेवर आयडलिंगला ठेवून तर नाहीच. कित्येक आठवडे उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली असेल तर तिच्या प्लेटवर कडक सल्फेट बसलेलं असतं. अशा बॅटरीची दुसरी आणि तिसरी पायरी पुन्हा करून बघा, नापास झाली तर मात्र आता नवी घ्यायला हरकत नाही.

गळती हिशेबात आहे पण गाडीच आठवड्यातून एकदा, तीही दोन-चार किलोमीटर निघते, अशी स्थिती असेल तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही. उभी ठेवताना निगेटिव्ह सोडा, किंवा त्यावर फिरकीचा आयसोलेटर (बॅटरी तोडणारा) स्विच बसवा, किंवा बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर कायम लावून ठेवा.

राहता राहिली ती कधी दिसणारी, कधी न दिसणारी गळती. मीटर लावला की आकडा चांगला, आणि चौथ्या दिवशी गाडी मेलेली. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या, पण जाताना तुमचा कागद बरोबर न्या: सोडून ठेवलेल्या रात्रीचे दोन्ही आकडे, सेल्फ मारतानाचं व्होल्टेज, चार्जिंगचं व्होल्टेज, झोपल्यानंतरचा करंट आणि कुठल्या फ्यूजवर तो किती उतरला. ‘बॅटरी उतरते’ एवढंच सांगितलं तर तो नवी बॅटरी सुचवेल. ‘बंद गाडीत कधी तीस दिसतात, कधी साडेतीनशे मिलिअँपिअर, आणि सात नंबरचा फ्यूज काढला की थांबतं’ असं सांगितलं तर तो सरळ त्या लाइनवर हात घालेल.